'एंडोमेट्रिओसिस'ला मराठीत काय म्हणावे?

एका वाचक भगिनीने विचारले आहे : भाचीला 'एंडोमेट्रिओसिस' असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. आजीला समजावताना घरात कोणी 'गर्भाशयाला सूज आहे' म्हणाले, तर कोणी 'पिशवीचे अस्तर वाढले आहे' म्हणाले. यांतले बरोबर कोणते, आणि या आजाराला सुटसुटीत मराठी शब्द आहे का?

दोन्ही वर्णने चुकीची आहेत, आणि दोन्हींमुळे आजीच्या मनात भलताच आजार उभा राहील. गर्भाशयाच्या अस्तराला दाह होतो त्या विकाराचे नाव 'एंडोमेट्रायटिस'. तो बहुधा जंतुसंसर्गाने होतो. नावांत फरक शेवटच्या दोन-तीन अक्षरांचा असला तरी आजार वेगळे आहेत. 'अस्तर वाढले' किंवा 'अस्तर जाड झाले' हे शब्द आपल्याकडे सोनोग्राफीनंतर सर्रास कानांवर येतात, पण ती वाढ पिशवीच्या आतली असते आणि तिचे नेहमीचे लक्षण म्हणजे अति किंवा अवेळी होणारा रक्तस्राव. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाच्या बाहेर वाढते : अंडाशयावर, बीजवाहिन्यांवर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यांवर किंवा मूत्राशयावर.

गोंधळाचे मूळ नावातच आहे. ग्रीक 'एन्डॉन' म्हणजे आत, 'मेट्रा' म्हणजे गर्भाशय, आणि 'ओसिस' हा स्थिती किंवा विकार दाखवणारा प्रत्यय. ('मेट्रा' आणि आपली 'माता' एकाच प्राचीन धातुकुळातल्या आहेत, हे मला फार हृद्य वाटते.) म्हणजे नाव म्हणते 'गर्भाशयाच्या आतले' आणि आजार असतो गर्भाशयाबाहेर. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी 1920च्या दशकात हे नाव रूढ केले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ऊतीचे रूप होते, तिची जागा नव्हती. त्यामुळे घटकांचे शब्दशः भाषांतर करून 'अंतर्गर्भाशयता' असे काही घडवले, तर ते वाचणाऱ्याला नेमके उलट्या दिशेला नेईल.

'अस्तर' हा फारसीतून आलेला शब्द मात्र मी सोडणार नाही. ब्लाउजला आतून अस्तर लावतात हे प्रत्येक घरात ठाऊक आहे, आणि 'अंतःस्तर' म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येत नाही ते या शब्दाने लगेच येते. गर्भाशयाचे अस्तर दर महिन्याला संप्रेरकांच्या प्रभावाने जाड होते आणि पाळीत गळून बाहेर पडते. बाहेर रुजलेली ऊतीही त्याच संप्रेरकांना प्रतिसाद देते, पण तिच्या रक्ताला वाट नसते. मग आत दाह होतो, व्रण धरतात, शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात असे जुने रक्त साचून तपकिरी होते, त्या गाठीला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. चॉकलेट खाण्याशी तिचा काही संबंध नाही.

पर्यायी शब्दांपैकी 'स्थानभ्रष्ट अस्तर' अर्थाने जवळचा आहे, पण ज्या विषयाला आधीच विटाळाचे ओझे आहे तिथे 'भ्रष्ट' हा शब्द मला अजिबात नको वाटतो. आयुर्वेदातला 'कष्टार्तव' सुंदर आहे, तरी तो वेदनायुक्त पाळी हे लक्षण सांगतो. एंडोमेट्रिओसिसचे दुखणे पाळीपुरते थांबेलच असे नाही. शरीरसंबंधाच्या वेळी, शौचाच्या वेळी, कधी महिनाभर ते राहते, प्रचंड थकवा येतो, काहींना गर्भधारणेत अडचण येते. म्हणून नाव 'एंडोमेट्रिओसिस' हेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखाला 'गर्भाशयाबाहेरील अस्तराचा आजार' अशी जोड द्यावी, असे माझे मत आहे.

या आजाराच्या संदर्भात मराठीतला सर्वांत घातक शब्द मात्र वेगळाच आहे : 'दुखायचंच'. 'पाळीत दुखायचंच' या वाक्यातला 'च' तक्रारीला जागाच ठेवत नाही. माझी थोरली बहीण पाळीच्या दोन दिवस आधीपासून गुडघे पोटाशी घेऊन, गरम पाण्याची पिशवी धरून पडून असे, आणि तिला आधी 'लग्न झालं की थांबेल' व नंतर 'एक मूल झालं की थांबेल' असे सांगितले गेले. मूल होणे हा या आजाराचा उपचार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना आणि मुलींना हा आजार असतो, आणि निदानाला अनेकदा वर्षे लागतात. तो मुळापासून घालवणारे औषध अद्याप नाही, पण वेदनाशामके, संप्रेरकांचे उपचार आणि गरज पडल्यास दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांनी त्रास पुष्कळ आटोक्यात येतो. 'दुखतं' एवढ्यावर न थांबता कळ येते, ठणकते, पिळवटून निघते, चमक मांडीत उतरते, असे नेमके शब्द भाचीने डॉक्टरांपुढे वापरावेत. मराठीत ते भरपूर आहेत आणि ते तपासणीला दिशा देतात.

आणि आजीला एवढेच सांगावे : ''पिशवीच्या आत असतं तसलंच अस्तर हिच्या पिशवीबाहेर, पोटात रुजलंय. पाळीत तेही सुजतं, त्यातूनही रक्त सुटतं, पण त्याला बाहेर यायला वाट नाही. म्हणून हिला एवढं दुखतं.''