नैरोबीला येण्याआधी

पशुवैद्यकाची पदवी आणि पुण्यातला अनुभव यांच्या बळावर केनियातल्या वन्यप्राणी बचाव संस्थेत काम मिळेल का, आणि पत्नी व तिसरीतल्या मुलासह येथे यावे का, असे तुम्ही विचारले आहे. परवान्यांचे प्रकार आणि शुल्क सरकारी संकेतस्थळांवर सापडतील, म्हणून ते येथे लिहीत नाही.

हत्तीची अनाथ पिले वाढवणाऱ्या शेल्ड्रिक ट्रस्टचा तुम्ही उल्लेख केला आहे. त्साव्हो पूर्व राष्ट्रीय उद्यानाचे पहिले वॉर्डन असलेल्या पतीच्या स्मरणार्थ डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी १९७७ मध्ये ती संस्था उभी केली. हत्तीच्या पिलांना गाईचे दूध पचत नाही. अनेक पिले दगावल्यानंतर खोबरेल तेल घातलेले दूध त्यांना मानवले, आणि त्यातूनच हे सारे काम वाढले. नैरोबीच्या केंद्रात पिलांना दर तीन तासांनी दूध पाजतात, आणि रात्री कीपर, म्हणजे त्यांना सांभाळणारी माणसे, त्यांच्याजवळच झोपतात. मात्र एकाच माणसाचा लळा लागू नये म्हणून पिलाजवळचा कीपर बदलत राहतो. पुढे त्यांना त्साव्होतल्या वोई किंवा इथुंबा अशा केंद्रांत नेतात, आणि रानटी कळपात केव्हा जायचे हे तेथे ज्याचा तो हत्तीच ठरवतो.

हे सारे पाहून तुमच्यासारख्या माणसाला तेथे धावत जावेसे वाटणे मी समजू शकते, पण हे कीपर केनियाचेच लोक आहेत, आणि तारेच्या फासात पाय कापला गेलेल्या हत्तीला भुलीचे इंजेक्शन देणाऱ्या फिरत्या पथकांत डॉक्टर असतो तो केनिया वन्यजीव सेवा या सरकारी खात्याचा. जनावरे त्यांची, रान त्यांचे, तेव्हा हे योग्यच आहे असे मला मनापासून वाटते. आपल्यासारख्यांच्या वाट्याला बहुतेक प्रयोगशाळा, प्रशिक्षण, नोंदी आणि हिशेब येतात. मी स्वतः अशाच एका लहान संस्थेत देणगीदारांचे अहवाल तयार करते. जनावरांच्या ओढीने येथे आले आणि दिवस कागदांत जातो, याची खंत अजून पुरती गेलेली नाही.

मुलाच्या शाळेचा विचार मात्र नोकरीच्याही आधी करा. केनियाच्या अभ्यासक्रमाचे वर्ष जानेवारीत सुरू होते. आमची मुलगी चौथीची परीक्षा देऊन मे महिन्यात आली, तेव्हा वर्ष अर्धे संपत आले होते. तिचा शाळा सोडल्याचा दाखला फक्त मराठीत होता. शाळेने आधी भाषांतर मागितले, मग त्यावर शिक्का, मग शिक्का मारणाऱ्याच्या अधिकाराचा पुरावा, आणि शेवटी तिला पुन्हा चौथीतच बसवले. भागाकार तिला कधीचा येत होता, तो ती पुन्हा गिरवत बसली. आज ती मोठी झाली आहे, स्वाहिली माझ्यापेक्षा सफाईने बोलते, तरी त्या वर्षाचा विषय निघाला की गप्प होते. हत्तीच्या पिलाला नव्या जागी रुळायला वर्षे दिली जातात, आणि माझ्या लेकीला एक आठवडाही कोणी दिला नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

एकटेपणाची धास्ती घेऊ नका. येथे मराठी माणसे आहेत आणि गणपतीही बसतो.

दाखला, प्रगतिपुस्तके आणि लसीकरणाची नोंद यांच्या इंग्रजी प्रती पुण्यातच साक्षांकित करून घ्या, आणि शक्य असेल तर मुलाचा प्रवेश जानेवारीला धरून प्रवासाची तारीख ठरवा, मग संस्था कितीही घाई करो.