मंत्रिमंडळ की मंत्रिपरिषद?

परभणीहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय : "पेपरात 'मंत्रिमंडळ विस्तार' म्हणून बातमी येते आणि शपथ घेणारे निम्मे राज्यमंत्री असतात. पुस्तकात मात्र राज्यमंत्री मंत्रिमंडळात नसतात असं लिहिलंय. मग खरं काय?"

पुस्तकातलं बरोबर आहे. पंतप्रधान, कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र प्रभाराचे (म्हणजे ज्यांच्यावर कॅबिनेट मंत्री नसतो असे) राज्यमंत्री आणि साधे राज्यमंत्री मिळून होते ती मंत्रिपरिषद. त्यातले पंतप्रधान आणि कॅबिनेट दर्जाचे मंत्री एवढंच मंत्रिमंडळ. जालन्याचे रावसाहेब दानवे 2021 ते 2024 रेल्वे राज्यमंत्री होते, तेव्हा ते मंत्रिपरिषदेत होते, मंत्रिमंडळात नव्हते. लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर 1980 च्या दशकात संरक्षण राज्यमंत्री होते आणि 2004 ला गृहमंत्री झाले. म्हणजे ते दोन्हीकडे बसून आले. (लिहिताना 'मंत्री' दीर्घ, पण समासात 'मंत्रि' ऱ्हस्व. परीक्षेत यावरही गुण जातात.)

हा फरक नुसता मानाचा नाही. धोरण ठरतं ते मंत्रिमंडळात. खात्याचा सचिव टिपणी तयार करतो, ती वित्त, विधी आणि संबंधित खात्यांकडे अभिप्रायासाठी फिरते, मंत्र्याची मान्यता घेऊन मंत्रिमंडळ सचिवालयात जाते आणि तिथून बैठकीपुढे किंवा मंत्रिमंडळाच्या एखाद्या समितीपुढे येते. या बैठकीला राज्यमंत्री एरवी नसतो. स्वतंत्र प्रभार असेल आणि त्याच्या खात्याचा विषय असेल, तर त्याला बोलावतात.

जबाबदारी मात्र सगळ्यांची. अनुच्छेद 75 म्हणतो की मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. एप्रिल 1999 मध्ये वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 असं एका मताने पडलं, तेव्हा बैठकीत कधी न बसलेले राज्यमंत्रीही गेलेच. म्हणून अविश्वास ठराव 'मंत्रिमंडळावर' आला असं लिहिणं चूक. लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांची मर्यादाही (2003 ची 91 वी घटनादुरुस्ती) अख्ख्या मंत्रिपरिषदेला लागते. 543 जागांच्या हिशेबाने पंतप्रधानांसह जास्तीत जास्त 81 जण.

मला यात सर्वात मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच. मूळ राज्यघटनेच्या कलमांत मंत्रिपरिषद होती, मंत्रिमंडळ हा शब्दच नव्हता. 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळाला ते कळलं 26 तारखेच्या पहाटेच्या बैठकीत. पुन्हा तसं होऊ नये म्हणून 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने अनुच्छेद 352 मध्ये अट आली, की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही. मंत्रिमंडळ म्हणजे कोण, तेही तिथंच सांगितलं. ज्यांना विचारलंच नव्हतं, त्यांचं नाव घटनेत लिहावं लागलं.

आपल्या मराठवाड्याला तर मंत्र्यांची सभा आणि जबाबदारी यातला फरक चांगलाच ठाऊक असायला हवा. निजामाच्या राज्यातही 1919 पासून 'बाब-ए-हुकूमत' नावाचं कार्यकारी मंडळ होतं, त्याचा प्रमुख सदर-ए-आझम. खाती होती, बैठका होत्या, पण ते मंडळ बांधील होतं निजामाला, लोकांनी निवडलेल्या सभागृहाला नव्हे.

पेपरातल्या 'मंत्रिमंडळ विस्तारा'चं काय? तो शब्द इतका रुळलाय की बोलण्यात मी कुणाला टोकणार नाही. पण लोकांची जीभ छापील मराठीपेक्षा नेमकी आहे. शपथविधीच्या दिवशी आपल्याकडे पारावर पहिला प्रश्न येतो, "सायबाला कॅबिनेट भेटलं का राज्य?" उत्तरपत्रिकेत हाच भेद पाळा : निर्णय मंत्रिमंडळाचा, राजीनामा मंत्रिपरिषदेचा.