संगणक-शंका : एन्कोडिंग झपाट्याने हवं, पण आवाज नको

या महिन्याच्या टपालात व्हिडिओ एन्कोडिंगचीच, म्हणजे शूट केलेलं चित्र दाबून लहान फाइल करण्याची, पत्रं जास्त होती. लग्नाचं शूटिंग करणारे, जुन्या कॅसेट वाचवू पाहणारे, नवा संगणक घेऊन पंख्याच्या घरघरीने वैतागलेले. म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. उत्तरं देताना नाशिकचा एप्रिल-मे आणि संगणकाच्या खोलीला लागून असलेली झोपायची खोली, दोन्ही डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

प्रश्न : लग्नाच्या व्हिडिओचं काम करतो. संगणक 2017 चा आहे, आय-7 7700, 16 जीबी रॅम. अडीच तासांची फुल एचडी फिल्म एच.265 मध्ये काढायला रात्र जाते आणि पंखा असा ओरडतो की पलीकडे आई-वडिलांना झोप लागत नाही. दुकानदार म्हणतो, मोठं ग्राफिक्स कार्ड टाका, सगळं सुटेल. टाकू का? सिंहस्थाचीही कामं तोंडावर आहेत. – एक वाचक, पंचवटी

थांबा, आधी एक गोष्ट बघा. एन्कोडिंग चालू असताना टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये जा. सीपीयू शंभर टक्क्यांना टेकलेला आणि जीपीयूखालचे (ग्राफिक्स चिपचे) व्हिडिओचे आलेख जवळजवळ सपाट दिसले, तर तुमचं काम एक्स265 हा सॉफ्टवेअर एन्कोडर करतोय. तो चालतो प्रोसेसरच्या कोअरवर, म्हणजे त्यातल्या स्वतंत्र गणकांवर. त्याच सेटिंगवर कितीही भारी कार्ड बसवलंत तरी रात्रीतला अर्धा तासही वाचणार नाही.

कार्ड कामाला येतं ते एन्कोडर बदलला तर. एनव्हीडियाच्या कार्डात एनव्हेंक, इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक, एएमडीच्या चिपमध्ये व्हीसीएन असा व्हिडिओपुरताच एक वेगळा भाग असतो. तो एक्स265 च्या कितीतरी पट वेगाने काम उरकतो आणि वीज कमी खातो, त्यामुळे पंख्यालाही फारसं पळावं लागत नाही. आणि हा भाग तुमच्या 7700 मध्येही आहे. हँडब्रेक या एन्कोडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'व्हिडिओ' टॅबवर एन्कोडरच्या यादीत क्यूएसव्ही (म्हणजे क्विक सिंक) दिसतंय का बघा. नसेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) अंगचं ग्राफिक्स बंद करून ठेवलेलं असण्याची शक्यता आहे. एक पैसा खर्च करण्याआधी दहा मिनिटांचा तुकडा त्यावर काढून पाहा.

तुकडा निवडताना मात्र अक्षता पडतानाचा निवडा. एन्कोडरची सगळी बचत 'मागच्या फ्रेममधलं पुढच्या फ्रेममध्ये थोडंसंच सरकलं' या हिशोबावर चालते. अक्षता उडतात तेव्हा प्रत्येक दाणा आपल्या वाटेने जातो, वरून फ्लॅश पडतात आणि तो हिशोब कोसळतो. नवरीच्या शालूच्या जरीवर चौकोनी ठोकळे दिसतात ते इथेच. एवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये एक्स265 चा 'स्लो' प्रीसेट अशा जागी हार्डवेअर एन्कोडरपेक्षा चांगला टिकतो. उपाय सोपा आहे, हार्डवेअरला बिटरेट (सेकंदाला किती डेटा वापरायचा तो आकडा) थोडा सढळ द्या. पेनड्राइव्हवर द्यायच्या फिल्मला आकाराची एवढी काटकसर हवी कशाला? यूट्यूबवर चढवायचं असेल तर ते लोक तुमची फाइल पुन्हा एन्कोड करतातच. 25-30 फ्रेमच्या 4-के साठी त्यांचीच शिफारस 35 ते 45 मेगाबिटची आहे, आणि तेवढ्यावर हार्डवेअर एन्कोडर उत्तम चालतो. एक्स265 ची मेहनत ठेवा स्वतःच्या संग्रहासाठी, जिथे फाइल लहान हवी आणि वर्षानुवर्षं जपायची आहे.

नवा संगणक घ्यायचाच असेल, तर आधी वॅट विचारा आणि मग कोअर. प्रोसेसर जेवढे वॅट खातो तेवढी सगळी उष्णता होते, आणि ती बाहेर काढायचा आवाज म्हणजेच तुमच्या आई-वडिलांची मोडलेली झोप. रायझेन 9 7900 मध्ये 12 कोअर आहेत, खोक्यावर 65 वॅट लिहिलेले असतात आणि प्रत्यक्षात तो जास्तीत जास्त 88 पर्यंत जातो. कोअर आय-9 14900के ची मर्यादा 253 वॅट आहे. वेग त्याचा जास्त, पण जवळजवळ तिप्पट उष्णता शांतपणे काढणं लहान खोलीत अवघड आहे. आमचा कौल 7900 सारख्या प्रोसेसरला.

सोळा-चोवीस कोअरच्या मोहात का पडू नये, त्याला आणखी एक कारण आहे. एक्स265 चित्राचे 64 पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि त्यांच्या आडव्या ओळी वेगवेगळ्या कोअरला वाटतो. फुल एचडीची उंची 1080, म्हणजे ओळी फक्त 17. वरची ओळ दोन चौकोन पुढे गेल्याशिवाय खालची सुरू होत नाही, त्यामुळे सतराही एका वेळी पूर्ण जोमात नसतात. एन्कोडर पुढच्या फ्रेम आधीच हातात घेऊन थोडं भरून काढतो, तरी काही कोअर बसून राहतात. 4-के मध्ये ओळी 34 होतात, तिथे जास्त कोअर कामी येतात. फुल एचडीची कामं बरीच असतील तर दोन फाइली एकदम लावा, रिकामे कोअर भरतील.

आता कॅमेऱ्याकडे बघा. मिररलेस कॅमेऱ्यात 10-बिट 4:2:2 (रंगांची जास्त माहिती ठेवणारं) एच.265 शूट करत असाल, तर आरटीएक्स 40 आणि त्याआधीची कार्डं ते हार्डवेअरवर उघडूच शकत नाहीत. एडिटिंगची टाइमलाइन अडखळते ती यामुळे. इंटेलची अंगची ग्राफिक्स अकराव्या पिढीपासून ते उघडतात, आणि एनव्हीडियात ही सोय 2025 च्या आरटीएक्स 50 पासून आली. असं फुटेज रोजचं असेल तर आमचा वरचा कौल बदलतो, इंटेल घ्या. पण नावाच्या शेवटी 'एफ' असलेला नको. त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंकही नाही. हजार-दोन हजार वाचतात म्हणून दुकानात हाच पुढे केला जातो.

रॅम 32 जीबी, 16 च्या दोन कांड्या. एकच 32 ची कांडी घेतलीत तर रॅमचा रस्ता निम्मा होतो. चार कांड्या भरल्या तर डीडीआर-5 चा वेग बहुधा खाली आणावा लागतो.

प्रश्न : महिन्यापूर्वी एमजी रोडवरून रायझेन 9 7950एक्स चा संगणक असेंबल करून घेतला. एन्कोडिंग लावलं की प्रोसेसर 95 अंशांवर जातो. पंखा एक क्षण गप्प, दुसऱ्या क्षणी विमान. पीस खराब आहे का? – एक वाचक, इंदिरानगर

पीस ठीक आहे. या प्रोसेसरची आखणीच अशी आहे की पूर्ण भार आला की तो 95 अंशांपर्यंत जाऊन तिथेच टिकतो. कूलर चांगला असेल तर त्याच तापमानाला जास्त वेग काढतो, एवढंच. तरीही आधी कूलर उतरवून तळ बघा. तांब्याच्या तळावर येणारी पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म न काढताच कूलर बसवलेला असणं ही असेंबलिंगमधली नेहमीची चूक आहे. फिल्म निघाली तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी वाटाण्याएवढी लावा. फिल्म नसली तरी उतरवलेला कूलर जुन्याच पेस्टवर परत ठेवू नका.

मग इको मोड, म्हणजे प्रोसेसरच्या वॅटवर घातलेली मर्यादा. बायोसमध्ये 'प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह'च्या पानावर तो सापडेल. 7950एक्स मूळ सेटिंगवर 230 वॅटपर्यंत जातो. 105 चा इको मोड निवडलात की मर्यादा 142 वॅटवर येते आणि एन्कोडिंगचा वेग दहा टक्क्यांपेक्षाही कमी घटतो. तासाचं काम फार तर पाच-सहा मिनिटं लांबेल आणि बदल्यात 88 वॅटची उष्णता खोलीत येणारच नाही. 65 चा इको मोड 88 वॅटवर आणतो, त्यात वेग जाणवेल इतका पडतो. रात्री 65, दिवसा 105 असं ठेवायलाही हरकत नाही. सगळ्यात शेवटच्या वॅटमधून मिळणारा वेग हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात गोंगाटाचा असतो, म्हणून हा बदल आम्ही प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

पंख्याचे चढ-उतार थांबवायला त्याचा वक्र, म्हणजे किती तापमानाला किती गती हा आलेख, बदला. कानाला एकसारखा आवाज सोसतो, बदलणारा टोचतो. 70 अंशांपर्यंत पंखा 40 टक्क्यांवर स्थिर ठेवा, 70 ते 85 मध्ये 65 टक्क्यांपर्यंत चढू द्या आणि 'स्टेप अप'चा वेळ चार-पाच सेकंद करा. एखाद्या क्षणाच्या उसळीवर पंखा मग उठणार नाही. पंख्याची गती 20 टक्क्यांनी कमी केली तर आवाज साधारण 5 डेसिबलने उतरतो, निम्मी केली तर 15 ने. हवा मात्र गतीच्या प्रमाणातच घटते. म्हणून एका पंख्याला जोरात पळवण्यापेक्षा 140 मिमीचे दोन मोठे पंखे सावकाश फिरवलेले बरे. कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची हवी. काचेचं तोंड असलेल्या कॅबिनेटमध्ये पंखा हवा ओढायला धडपडतो आणि फक्त आवाज करतो. मोठा कूलर घ्यायचा तर आधी कॅबिनेटची रुंदी मोजा. डीपकूल एके620 ची उंची 160 मिमी आहे आणि अरुंद कॅबिनेटचं झाकण त्यावर बसत नाही.

खोलीत 38 अंश असतील तर कॅबिनेटच्या आतलं सगळं तेवढ्यानेच वर सरकतं, हेही ध्यानात असू द्या. मे महिन्यात लांबलचक काम रात्री लावा. शेजारी बांधकाम चालू असेल तर पुढची जाळी महिन्यातून एकदा ब्रशने झाडा. धुळीने बुजलेली जाळी वर केलेलं सगळं वाया घालवते.

प्रश्न : हार्ड डिस्क काढून एनव्हीएमई एसएसडी टाकली तर एन्कोडिंगचा वेग वाढेल का? – एक वाचक, नाशिकरोड

एन्कोडिंगचा नाही. 100 मेगाबिटचं 4-के फुटेज म्हणजे सेकंदाला 12.5 मेगाबाइट, तासाला 45 जीबी. साधी हार्ड डिस्कही सेकंदाला शंभराहून जास्त मेगाबाइट सहज वाचते. एडिटिंग करताना तीन-चार कॅमेरे एकदम टाइमलाइनवर असतील तर फरक जोरदार पडतो, तिथे एसएसडी घ्याच. शांततेसाठी तर घ्याच घ्या. पंखे मंद केल्यावर जी बारीक करकर उरते ती डिस्कच्या डोक्याची असते, आणि पत्र्याला घट्ट आवळलेली डिस्क सगळं कॅबिनेट घुमवते. साठवणीच्या डिस्क रबराच्या वॉशरवर बसवा किंवा बाहेरच्या खोक्यात ठेवून काम झालं की काढा.

प्रश्न : घरी मिनी-डीव्ही आणि व्हीएचएस मिळून चाळीसेक कॅसेट आहेत. त्या संगणकात घेऊन जपायच्या आहेत. कुठला वेगवान संगणक घेऊ? – एक वाचक, देवळाली कॅम्प

नवा घेऊच नका. कॅसेट तासाची असेल तर ती आत यायला तासच लागणार, प्रोसेसर कितीही असो. चित्र 720 बाय 576 चं आहे, एन्कोडिंगला सात-आठ वर्षांचा संगणकही पुरतो. पैसे घाला ते चालू स्थितीतल्या प्लेअरवर आणि त्याचं हेड साफ करून घेण्यावर. मिनी-डीव्ही फायरवायर या केबलने घ्या, म्हणजे टेपवरचे अंक जसेच्या तसे उतरतात. तासाला सुमारे 13 जीबी धरा. व्हीएचएसला कॅप्चर कार्ड लागेल.

चूक होते ती पुढे. या टेपवर सेकंदाला 50 अर्ध्या फ्रेम असतात. त्या नीट न सोडवता एन्कोड केलं तर हलत्या माणसाच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात, आणि ते मागाहून निघत नाहीत. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस 'बीडब्ल्यूडिफ'वर, प्रीसेट 'बॉब' ठेवा, फ्रेमरेट 50, आरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका चांगला) 18 ते 20. आणि मूळ डीव्ही फाइल पुसू नका. तासाच्या चाळीस कॅसेट धरल्या तर 520 जीबी होतात, एका डिस्कवर मावतात.

प्रश्न : पाच तासांचं एन्कोडिंग ऐंशी टक्क्यांवर असताना वीज गेली. फाइल उघडतच नाही. घराला इन्व्हर्टर आहे, तरी संगणक बंद पडला. – एक वाचक, सिन्नर

एमपी4 ची अनुक्रमणिका फाइल पूर्ण झाल्यावर शेवटी लिहिली जाते. ती नाही तर चार तास खपून काढलेलं चित्र डिस्कवर असूनही प्लेअरला सापडत नाही. लांब कामं एमकेव्ही मध्ये काढा. वीज गेली तरी तिथपर्यंतचा भाग चालतो. काम पुरं झालं की एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने 'कॉपी' करून एमपी4 करा, त्यात पुन्हा एन्कोडिंग होत नाही, काही मिनिटांत होतं.

संगणकाचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) वीज गेल्यावर साधारण 16-17 मिलिसेकंदच तग धरतो. घरच्या इन्व्हर्टरला नेहमीच्या मोडमध्ये बदलायला त्याहून जास्त वेळ लागतो. इन्व्हर्टरवर 'यूपीएस' असं बटण असेल तर ते दाबून बघा, पण इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर आजचे एसएमपीएस गुरगुरतात, कधी बंदही पडतात. वेगळा यूपीएस घ्यायचा तर व्हीए नव्हे, वॅट वाचा. 600 व्हीएचा यूपीएस बहुतेक वेळा 360 वॅटचाच असतो. 88 वॅटचा प्रोसेसर, मॉनिटर आणि बाकी सगळं धरून संगणक 200 वॅटच्या आत राहतो, त्याला तो काही मिनिटं पुरेल. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर 1000 व्हीए, म्हणजे साधारण 600 वॅटचा घ्या. यूपीएसची यूएसबी वायर संगणकाला जोडा आणि बॅटरी उतरली की विंडोजने हायबरनेट व्हावं असं सेटिंग करून ठेवा. हँडब्रेकला 'पॉज' देऊन हायबरनेट केलं तर काम बहुधा सोडलं तिथूनच पुढे चालू होतं.