कार्लाईल १९१२: आर्मीची मॅच आणि बाकीच्या तेरा

कार्लाईल म्हणजे पेनसिल्व्हेनियातली, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या (तेव्हाच्या भाषेत 'इंडियन') मुलांची शाळा, आणि जिम थॉर्प तिच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा सगळ्यात गाजलेला खेळाडू. त्यांच्या १९१२ च्या हंगामाबद्दल विचारलेल्या गोष्टी थोडक्यात अशा: थॉर्पने भावी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरचा गुडघा मोडला ती आर्मीविरुद्धची मॅच नक्की कशी झाली, कार्लाईल हे कॉलेज नव्हतंच तर कॉलेज फुटबॉलमध्ये कसं, आणि ती टीम म्हणजे 'थॉर्प आणि उरलेले दहा' असं म्हणतात ते खरं का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. खरं नाही. आणि गुडघाही थॉर्पने मोडला नाही.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. भारतातून पाहुणे आले की आम्ही सगळेच त्यांना हर्शीला चॉकलेट दाखवायला नेतो. तिथून पाऊण तास पुढे गेलं की कार्लाईल. पाहुण्यांना त्यात रस नसतो, त्यामुळे मी एकटाच दोनदा जाऊन आलोय. शाळेची जागा आज लष्कराच्या वॉर कॉलेजकडे आहे. मुलांची दफनभूमी मात्र बघता येते. गुडघ्याएवढ्या पांढऱ्या दगडांच्या रांगा, एकेका दगडावर एक नाव आणि जमात. घरी परत न गेलेली पोरं. फुटबॉलचं बोलण्याआधी हे सांगितलं, कारण ही टीम कुठून आली ते कळल्याशिवाय स्कोअर वाचण्यात अर्थ नाही.

शाळा १८७९ ची. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने घोडदळाच्या जुन्या छावणीत ती काढली. धोरण त्याने स्वतःच उघड बोलून दाखवलं होतं: आतला इंडियन मारा, माणूस वाचवा. आल्याआल्या केस कापायचे, आपली भाषा बोलायची नाही, नाव बदलायचं. ल्यूथर स्टँडिंग बेअर हा लाकोटा मुलगा पहिल्या तुकडीतला. त्याने पुढे लिहून ठेवलंय की फळ्यावर खडूने काहीतरी गिरगटलं होतं, हातात लांब काठी दिली आणि त्यातल्या एकावर टेकवायला सांगितली. त्याला वाचता येत नव्हतं. काठी जिथे टेकली तिथे 'ल्यूथर' लिहिलेलं होतं.

तर ही अर्धा दिवस अभ्यास आणि अर्धा दिवस शिवणकाम-लोहारकाम अशी औद्योगिक शाळा होती. कॉलेजची पदवी तिथे मिळत नसे. पण त्या काळात कोण कोणाशी खेळणार हे कॉलेजंच आपापसांत पत्रं लिहून ठरवायची, आणि कार्लाईल आलं की तिकिटं खपायची. एवढी पात्रता पुरेशी होती. खेळाडूंपैकी काही जण वयाने विशीच्या पुढचे होते, थॉर्प तर १९१२ मध्ये चोविसाच्या पुढचा. समोरच्या टीम याबद्दल कुरकुर करायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा आमंत्रण द्यायच्या.

कोच ग्लेन 'पॉप' वॉर्नर. डोकं तल्लख, तोंड वाईट. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध त्याने एका खेळाडूच्या जर्सीत पाठीमागून इलॅस्टिक घालून ठेवलं होतं. किकऑफ झाल्यावर पोरांनी घोळका केला, चेंडू चार्ली डिलनच्या पाठीत कोंबला आणि सगळे पोटाशी चेंडूसारख्या टोप्या धरून दहा दिशांना पळाले. हार्वर्डवाले टोप्या धरणाऱ्यांच्या मागे आणि डिलन मोकळ्या हाताने गोलरेषेपार. मॅच मात्र हार्वर्डनेच १२-११ अशी जिंकली. हा किस्सा सांगणारे हा आकडा हमखास गाळतात.

आता १९१२. त्या वर्षी नियमच बदलले होते, आणि ते लक्षात घेतले नाहीत तर जुने आकडे फसवतात. टचडाउनचे (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेण्याचे) पाचाऐवजी सहा गुण झाले. दहा यार्ड पुढे जायला तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले. मैदान ११० यार्डांवरून १०० वर आलं, टोकांना गोलरेषेपलीकडे दहा-दहा यार्डांचे पट्टे (एंड झोन) आले आणि पास वीस यार्डांपेक्षा लांब टाकायचा नाही ही अट गेली. म्हणजे नुसती रेटारेटी करणाऱ्या धिप्पाड टीमचे दिवस भरत आले आणि पळणाऱ्या-फेकणाऱ्यांचे सुरू झाले. कार्लाईलची पोरं वजनाने हलकी होती. हे नियम जणू त्यांच्यासाठीच केलेले.

वेळापत्रक बघा. २१ सप्टेंबरला ऑल्ब्राइट, ५०-७. चार दिवसांनी लेबनन व्हॅली, ४५-०. तीन दिवसांनी गावातलंच डिकिन्सन, ३४-०. २ ऑक्टोबरला व्हिलानोव्हा, ६५-०. आणि ५ ऑक्टोबरला वॉशिंग्टन अँड जेफरसन: ०-०. पंधरा दिवसांत पाच मॅच! तेव्हा हल्ल्याला एक आणि बचावाला दुसरी टीम असली चैन नव्हती. तेच अकरा जण दोन्हीकडे खेळायचे. हेल्मेट चामड्याचं, तेही वाटलं तर. ती बरोबरी म्हणजे थॉर्पचा वाईट दिवस, फील्ड गोलचे (किक मारून चेंडू गोलच्या खांबांमधून घालवण्याचे) प्रयत्न एकामागून एक हुकले.

मग सिरॅक्यूज. मागच्या वर्षी, १९११ मध्ये, याच टीमने कार्लाईलला १२-११ असं हरवून त्यांचा एकमेव पराभव केला होता. त्याच हंगामात कार्लाईलने हार्वर्डला १८-१५ ने हरवलं होतं, थॉर्पने पायाला पट्ट्या बांधून चार फील्ड गोल मारले होते, म्हणून ती एका गुणाची हार जास्तच झोंबली असणार. या वेळी ३३-०. पिट्सबर्ग ४५-८. २६ ऑक्टोबरला जॉर्जटाउन ३४-२०, आणि दोनच दिवसांनी कॅनडात टोरांटोच्या निवडक टीमविरुद्ध ४९-१. तो 'एक' टायपिंगची चूक नाही. मॅचचा काही भाग अमेरिकन नियमांनी आणि काही कॅनडाच्या नियमांनी झाला, आणि कॅनडात तसा सुटा एक गुण मिळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला लिहाय, ३४-१४.

मग ९ नोव्हेंबर, वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी. समोर 'आर्मी', म्हणजे अमेरिकन लष्कराचे भावी अधिकारी. वूंडेड नी, म्हणजे लष्कराने केलेली लाकोटांची कत्तल, घडून तेव्हा बावीस वर्षंच झाली होती. मॅचआधी वॉर्नरने पोरांना आठवण करून दिली की यांच्या बापजाद्यांनीच तुमच्या बापजाद्यांशी लढाया केल्या, असं सांगतात. सांगितलं असेलही. पण छावणीत कवायत करत शिकलेल्या पोरांना हे वॉर्नरने सांगायची काय गरज होती, मला कळत नाही. मॅच भाषणाने जिंकली नाहीच. ती जिंकली मांडणीने.

ही मांडणी म्हणजे डबल विंग. तोवर मागचे खेळाडू साधारणपणे क्वार्टरबॅकच्या (डाव चालवणाऱ्या खेळाडूच्या) पाठीशी घट्ट उभे राहायचे आणि चेंडू कुठल्या बाजूला जाणार याचा अंदाज यायचा. वॉर्नरने त्या मागच्यांतले दोन हाफबॅक पुढच्या ओळीच्या दोन्ही टोकांना, जरा बाहेर नेऊन उभे केले. आता पळणार, फेकणार की किक मारणार, आणि कुठून, हे शेवटच्या क्षणापर्यंत समोरच्याला कळेना. हे सगळं चालवणारा क्वार्टरबॅक होता गस वेल्श, चिपेवा जमातीचा. पुढचा डाव काय, हे मैदानात तो ठरवायचा. बाहेरून कोचने ओरडून सांगायला तेव्हा बंदी होती. म्हणून म्हणतो, कागदावरची युक्ती वॉर्नरची असेल, पण त्या दिवशीचं डोकं वेल्शचं.

पहिला टचडाउन आर्मीने केला, त्यानंतरची एका जादा गुणाची किक हुकली, ६-०. मग कार्लाईलचा सेंटर जो बर्जी घुसला, थॉर्पची किक बरोबर पडली, ७-६. मध्यंतराला एवढाच फरक. दुसऱ्या अर्धात आर्मीचा कॅप्टन लेलंड डेव्होर याचा संयम सुटला. समोर कार्लाईलचा जो गायॉन होता, त्याच्यावर तो असा तुटून पडला की पंचांनी त्याला बाहेर काढलं. त्यानंतर धरण फुटलं. अंतिम २७-६.

थॉर्पची त्या दिवशीची एक लांब धाव पेनल्टीमुळे रद्द झाली आणि नंतरच्या कथांमध्ये ती दर दहा वर्षांनी दहा यार्ड वाढत गेली. पण स्कोअर काढून बघा. चार टचडाउन: एक बर्जीचा, तीन अॅलेक्स आर्कासाचे. थॉर्पच्या नावावर नंतरच्या तीन किक. म्हणजे थॉर्प वाईट खेळला असं नाही, उलट. आर्मीचे दोन-दोन, तीन-तीन जण त्याच्या मागे धावत होते म्हणून आर्कासाला वाट मिळाली. पण आर्कासाचं नाव आज कोणाला माहीत आहे?

त्या दोन-तीन जणांतला एक ड्वाइट आयझेनहॉवर. त्याने आणि त्याच्या जोडीदाराने ठरवलं होतं की एकाने खालून, एकाने वरून थॉर्पला असं आदळायचं की तो बाहेर गेला पाहिजे. एकदा जमल्यासारखं वाटलं, थॉर्प उठला आणि खेळत राहिला. पुढच्या वेळी तो मध्येच थबकला आणि हे दोघे एकमेकांवर आपटले. दोघांनाही बाहेर घेतलं गेलं, आणि तेव्हाच्या नियमाने बाहेर गेलेल्याला त्याच क्वार्टरमध्ये परत येता येत नसे. गुडघा गेला तो पुढच्या आठवड्यात टफ्ट्सविरुद्ध, आणि घोडेस्वारीच्या सरावात उडी मारताना पुरता कामातून गेला. भावी राष्ट्राध्यक्षाला थॉर्पने लंगडं केलं ही गोष्ट ऐकायला चटकदार आहे, पण टफ्ट्सवाल्यांचं श्रेय कशाला काढून घ्यायचं?

कार्लाईलचा एकमेव पराभव आर्मीनंतरच्याच शनिवारी, फिलाडेल्फियात पेनकडून (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून), २६-३४. सव्वीस गुण करूनही हरले. आठ आठवड्यांतली ती बारावी मॅच होती. त्यानंतर स्प्रिंगफील्डविरुद्ध ३०-२४, आणि इथे मात्र तीसच्या तीस गुण थॉर्पचे. (वायएमसीएचं हे तेच कॉलेज, जिथे १८९१ मध्ये बास्केटबॉल जन्मला.) थँक्सगिव्हिंगला ब्राऊन ३२-० आणि हंगाम संपला. चौदा मॅच, बारा विजय, एक बरोबरी, एक हार. ५०४ गुण केले, ११४ दिले. थॉर्पचे नेहमी दिले जाणारे आकडे २५ टचडाउन आणि १९८ गुण. कोणीही दिपून जावं असेच आहेत. पण उरलेले तीनशेच्या वर गुण कोणीतरी केलेच ना.

थॉर्पचं पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदकं घेतली होती. (कार्लाईलच्याच लुई टेवानिमाने १०,००० मीटरमध्ये रौप्य. हेही विसरलं जातं.) जानेवारी १९१३ मध्ये बातमी आली की थॉर्प १९०९-१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं, त्यामुळे पदकं काढून घेतली गेली. खरं तर हरकत स्पर्धेनंतर तीस दिवसांत घ्यायची असा नियम होता. ते लक्षात यायला १९८२ उजाडलं, तोवर त्याला जाऊन २९ वर्षं झाली होती. आणि तेव्हा परत लागलेल्या नावामागचं 'संयुक्त विजेता' हे शेपूट काढून एकटा विजेता म्हणून नाव लागायला २०२२.

गायॉन पुढे जॉर्जिया टेकच्या १९१७ च्या विजेत्या टीममध्ये चमकला. नंतर तो, थॉर्प आणि कार्लाईलचाच पीट कॅलॅक १९२२-२३ मध्ये ओहायोच्या ऊरँग इंडियन्स या व्यावसायिक टीममध्ये एकत्र होते. टीमचा मालक एअरडेल जातीची कुत्री विकायचा, टीम म्हणजे त्याची जाहिरात. मध्यंतरात खेळाडूंनी विश्रांती न घेता कुत्र्यांबरोबर प्रेक्षकांना खेळ करून दाखवायचे. अमेरिकेच्या सर्वोत्तम खेळाडूंकडून हे करवून घ्यायचं!

मला यात सगळ्यात जास्त भावतो तो वेल्श. मॅचच्या तिकिटांचे सगळे पैसे जात होते शाळेच्या अॅथलेटिक असोसिएशनच्या खात्यात, आणि त्यावर वॉर्नरचा हात होता. पोरं कंटाळली होती, या पैशांच्या कारभाराला आणि वॉर्नरच्या शिव्यांनाही. वेल्शने शाळेतल्या मुलांच्या सह्या गोळा करायला पुढाकार घेतला, अर्ज वॉशिंग्टनला गेला आणि १९१४ मध्ये अमेरिकन संसदेची (काँग्रेसची) समिती चौकशीला आली. ज्या कोचच्या मांडणीवर त्याने आर्मीला हरवलं, त्याच कोचविरुद्ध त्याने साक्ष दिली. शाळेचा सुपरिंटेंडंट पदावरून गेला. वॉर्नर पिट्सबर्गला गेला, त्याच पिट्सबर्गला ज्यांना या पोरांनी ४५-८ ने धुतलं होतं, आणि तिथे आणखी मोठा झाला. वेल्श कायदा शिकला आणि वॉशिंग्टन स्टेट कॉलेजचा कोच झाला. शाळा १९१८ मध्ये बंद पडली आणि तिथे जखमी सैनिकांचं इस्पितळ आलं.

जायचा विचार असेल तर आतल्या भागासाठी फोटो असलेलं ओळखपत्र लागतं आणि आधी चौकशी करून निघा, लष्करी जागा असल्याने नियम बदलत राहतात. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या शाळेच्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळालाय.