काचेच्या निगेटिव्ह आणि वॉटकिन्स यांचे योसेमिटी

प्रश्न : अमेरिकी छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ साली काढलेली कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीची छायाचित्रे अलीकडेच पाहण्यात आली. त्या काळात इतका बारकावा कसा साधला? या छायाचित्रांमुळेच दरीला संरक्षण मिळाले, हे खरे आहे का? आणि एवढा नावाजलेला छायाचित्रकार अखेरीस कंगाल कसा झाला?

उत्तर : बारकाव्याचे रहस्य काचेच्या आकारात आहे. त्या काळी निगेटिव्हवरून मोठा फोटो करणे व्यवहारात जवळजवळ अशक्य होते. कागद काचेवर दाबून बसवून उन्हात छापला जाई, त्यामुळे फोटो जेवढा मोठा हवा तेवढीच काच मोठी घ्यावी लागे. वॉटकिन्स यांनी त्यासाठी सुमारे १८ बाय २२ इंचांच्या काचा घेणारा कॅमेरा खास बनवून घेतला आणि तो खेचरांच्या पाठीवर लादून दरीत नेला. प्रत्येक काचेवर तंबूच्या अंधारात कलोडियन या चिकट द्रवाचा थर एकसारखा ओतायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि थर ओला आहे तोवर फोटो घेऊन लगेच तंबूत धुऊन काढायची. एवढ्या मोठ्या काचेवर कोठेही ओघळ किंवा धुळीचा कण येऊ न देणे हे हाताचे असामान्य कसब होते, आणि मला त्यांच्या दृष्टीइतकेच ते थोर वाटते. हे रसायन निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देत असल्यामुळे त्या चित्रांतले आकाश बहुधा कोरेच दिसते.

संरक्षणाचे श्रेय एकट्या छायाचित्रांना देणे मला पटत नाही, पण त्यांचा वाटा मोठा होता. १८६२ साली ती न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाली आणि ज्यांनी दरी कधी पाहिली नव्हती, अशा अमेरिकेच्या पूर्वेकडच्या लोकांपुढे तिचे रूप आले. पुढे कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉन कॉनेस यांनी विधेयक मांडले आणि ३० जून १८६४ रोजी अध्यक्ष लिंकन यांच्या सहीने योसेमिटी दरी व मारिपोसाची महावृक्षराई सार्वजनिक उपयोगासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन झाली.

वॉटकिन्स यांचा जन्म १८२९ साली न्यूयॉर्क राज्यातील ओनिओंटा येथे झाला. सोन्याच्या शोधाची लाट ओसरली नव्हती तेव्हा ते कॅलिफोर्नियात आले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांना पदक मिळाले, सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी आपली गॅलरीही थाटली. व्यवहार मात्र त्यांना जमला नाही. १८७० च्या दशकाच्या मध्यात कर्जापायी गॅलरी गेली आणि तिच्याबरोबर निगेटिव्हही सावकाराच्या हाती पडल्या. मग आयझाया टेबर या दुसऱ्या छायाचित्रकाराने त्यांवरून स्वतःच्या नावाने फोटो छापून विकले. ज्याच्या हाती काच, त्याचाच माल, असा तो बाजार होता. कलावंताच्या दृष्टीने हा उघड अन्याय होता, असे मला वाटते. वॉटकिन्स पुन्हा त्याच ठिकाणी गेले आणि ‘नवी मालिका’ या नावाने त्यांनी सारे काम नव्याने उभे केले. १८९० च्या दशकात त्यांची दृष्टी अधू होत गेली, कुटुंबाला काही काळ रेल्वेच्या डब्यात राहावे लागले, आणि १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत स्टुडिओसह उरलेला संग्रहही जळाला. १९१० साली त्यांना नापा येथील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. १९१६ साली तेथेच त्यांचे निधन झाले.

जुन्या योसेमिटीच्या एखाद्या फोटोखाली टेबर यांचे नाव छापलेले दिसले, तर तो टेबर यांनीच काढला असे लगेच धरून चालू नये. दृश्याची मांडणी वॉटकिन्स यांच्या १८७५ पूर्वीच्या कामाशी ताडून पाहावी. संग्रहालयेही असे अनेक फोटो आज वॉटकिन्स यांच्या नावावर नोंदवतात आणि टेबर यांचा उल्लेख केवळ प्रकाशक म्हणून करतात.