वाचक विचारतात : ‘अंकल टॉम्स केबिन’

प्रश्न : ‘तुमच्या कादंबरीनेच हे युद्ध पेटवलं,’ असं अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात अध्यक्ष लिंकन या गुलामगिरीविरोधी कादंबरीच्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो यांना म्हणाले होते का?

उत्तर : १८६२च्या अखेरीस दोघांची भेट झाली, एवढं पक्कं. ते वाक्य मात्र छापून आलं १८९६मध्ये, म्हणजे स्टो वारल्या त्या वर्षी. भाषणात वापरायचंच असेल तर ‘असं सांगतात’ एवढं तरी जोडा.

प्रश्न : एका कादंबरीने समाज हलतो, हे पटत नाही. एवढा परिणाम कशामुळे झाला?

उत्तर : नुसत्या कादंबरीने हलला नसताच. १८५०च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला आसरा देणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. गुलाम मालकाच्या ताब्यात दिला तर निवाडा करणाऱ्या कमिशनरला दहा डॉलर, सोडला तर पाच! ‘गुलामगिरी हा दक्षिणेचा प्रश्न’ म्हणणाऱ्या, गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडच्या राज्यांतल्या माणसाच्या दारात तो प्रश्न असा येऊन उभा राहिला.

स्टो यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. नवव्या प्रकरणात ओहायोचा एक सेनेटर पळालेल्यांना मदत करण्याविरुद्ध मत देऊन घरी येतो. त्याच रात्री, मालकाने विकलेल्या आपल्या मुलाला घेऊन नदीच्या बर्फावरून पळून आलेली गुलाम एलायझा त्याच्या घरात असते आणि तो स्वतःच गाडी जोडून तिला सुरक्षित जागी पोचवतो. कायद्यावरचे शंभर अग्रलेख जे करणार नाहीत, ते हे प्रकरण करतं. आईपासून मूल तोडण्याचं दुःखही लेखिकेला परकं नव्हतं. १८४९च्या कॉलऱ्यात सिनसिनाटीत त्यांचं तान्हं मूल गेलं होतं.

‘नॅशनल एरा’ या साप्ताहिकात जून १८५१पासून कथा क्रमशः आली, २० मार्च १८५२ला दोन खंडांत पुस्तक निघालं आणि वर्षभरात अमेरिकेत सुमारे तीन लाख प्रती खपल्या. दक्षिणेतून ‘सगळं खोटं’ अशी ओरड झाली, तेव्हा १८५३मध्ये त्यांनी कायदे, खटले आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिराती यांचं पुराव्याचं वेगळं पुस्तकच काढलं. मेरीलँडमध्ये सॅम्युएल ग्रीन या स्वतंत्र कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाला १८५७मध्ये ही कादंबरी घरात सापडली म्हणून दहा वर्षांची शिक्षा झाली.

प्रश्न : मग ‘अंकल टॉम’ ही गोऱ्यांपुढे लाचार होणाऱ्या कृष्णवर्णीयासाठी शिवी कशी झाली?

उत्तर : बराचसा दोष कादंबरीवरून नाटकं करणाऱ्यांचा. कादंबरीचा नायक, गुलाम टॉम धट्टाकट्टा, लहान मुलांचा बाप आहे. तो दुसऱ्या गुलामाला फटके मारायला नकार देतो आणि लपलेल्या दोन स्त्रियांचा ठावठिकाणा न सांगता मार खाऊन मरतो. रंगमंचावर त्याचा थकलेला, लाचार म्हातारा झाला. पण लेखिकाही सुटत नाही. वंशावरून स्वभाव ठरवण्याची त्यांची खोड पानोपानी दिसते, आणि एलायझाच्या शिकलेल्या नवऱ्याला, जॉर्ज हॅरिसला, शेवटी आफ्रिकेतल्या लायबेरियाला धाडलं, ते तेव्हाच्या अनेक कृष्णवर्णीय वाचकांनाही खटकलं होतं.

संक्षिप्त बालआवृत्तीवरून मत बनवू नका. पूर्ण पुस्तक ४५ प्रकरणांचं आहे. वेळ नसेल तर ७, ९, ३३ आणि ४० एवढी तरी वाचा.

प्रश्न : महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ या कादंबरीवरून सुचली का?

उत्तर : १८७३च्या त्या ग्रंथाची अर्पणपत्रिका गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना आहे. कादंबरीला नाही. निबंधात तेवढंच लिहा.