गाडीतल्या खेळांची सुरुवात

पुणे–रत्नागिरीसाठी तीन खेळ भरपूर झाले, पिशवीभर सामान नको.

- नंबरप्लेट: पाच-सहा वर्षांच्या मुलांनी ० ते ९ आकडे क्रमाने शोधायचे. मोठ्यांनी शेवटच्या चार आकड्यांची बेरीज करायची, किंवा जिल्हा ओळखायचा: एमएच ११ सातारा, ०९ कोल्हापूर, ०८ रत्नागिरी.
- गावांच्या भेंड्या: नियम आधी ठरवा, नाहीतर भांडण ठरलेलंच. ‘पुणे’नंतर ‘ण’ येतो आणि खेळ अडतो, म्हणून ‘ण’ला ‘न’ आणि ‘ळ’ला ‘ल’ चालवा. सोलापूर, नागपूर, कोल्हापूर सगळी ‘र’वरच संपतात. त्यावर रत्नागिरी म्हटलं तरी पुन्हा ‘र’च! म्हणून ‘पूर’वाली गावं लागोपाठ नकोत.
- मनातली वस्तू ओळखा: वीस प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे: निघाल्या निघाल्या सगळे खेळ संपवतात. पहिला अर्धा तास मुलं खिडकीतच रमतात, तेव्हा काही काढू नका. आंबा घाटात पुस्तक, चित्रकला, मोबाइल बंद. मान खाली गेली की मळमळतं. तिथे भेंड्याच बऱ्या. वयात फार अंतर असेल तर धाकट्याला मोठ्या माणसाच्या जोडीला द्या.

आणि चालवणाऱ्याला पंच करू नका. मुलं कंटाळण्याआधीच खेळ थांबवा, परतीच्या वाटेवर तोच पुन्हा चालतो.